पाय मुरगळला तर घरी काय करायचं? आणि दुखणं थांबल्यावर काय?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी गप्पा तशाच आहेत.)

 

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू नाही, पगारवाढीच्या गप्पा नाहीत. आजचा विषय माझ्या उजव्या घोट्याने ठरवलाय.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात आम्ही ऑफिसमधली मंडळी रात्री टर्फवर फुटबॉल खेळत होतो. नुकताच पाऊस पडून गेलेला, टर्फ ओलं. बॉल अडवायला गेलो आणि पाऊल आतल्या बाजूला वळलं. एक कळ डोक्यात गेली. दोन मिनिटं खाली बसलो, मग उठून लंगडत गोलकीपर झालो, कारण तासाचे पैसे भरलेले होते. (हसू नका, तुम्हीही हेच केलं असतं.)

सकाळी घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज. चार दिवस घरून काम केलं, बर्फ लावला, बाम चोळला. दहाव्या दिवशी दुखणं थांबलं. पंधराव्या दिवशी मी परत टर्फवर. विषय संपला, असं मला वाटलं.

पुढच्या महिन्यात ताई माहेरी आली होती. मी भाचीला कडेवर घेऊन बिल्डिंगचा जिना उतरत होतो. सरळ, कोरडा, लहानपणापासून उतरतोय तोच जिना. आणि तोच पाय, तसाच आत वळला. नशीब, माझा एक हात कठड्यावर होता. मी तिला घेऊन तिथेच पायरीवर बसलो. तिला काहीच झालं नाही, तिला वाटलं मामा खेळतोय, ती हसत होती. पण ताई वरून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "तू आधी तुझा पाय नीट कर. मग हिला उचल."

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी पाय दाबून बघितला आणि मग एक विचित्र गोष्ट सांगितली: "एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा." डाव्या पायावर मी आरामात अर्धा मिनिट उभा राहिलो. उजव्यावर चार सेकंद. पाचव्या सेकंदाला मी त्यांचं टेबल धरलं होतं.

त्या म्हणाल्या, "तुमचं दुखणं गेलंय. पाय बरा झालेला नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

आजच्या भागात मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. बर्फ, बँडेज, गोळी हे सगळं बोलूच. पण ते पहिल्या तीन दिवसांचं काम. मुरगळलेला पाय बरा होतो तो त्यानंतरच्या सहा-आठ आठवड्यांत, आणि नेमके तेच आठवडे आपण सगळे वगळतो.

आणि हो, नेहमीसारखं आधीच सांगतो: मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. जे वाचलं, विचारलं आणि स्वतःवर केलं, ते सांगतोय. शंका असेल तिथे डॉक्टरच.

आत नेमकं होतं काय?

घोट्याच्या सांध्यात तीन हाडं एकत्र येतात. नडगीचं जाड हाड, तिच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, आणि या दोघांच्या खाचेत बसलेलं पावलाचं वरचं हाड. ही हाडं एकमेकांपासून सुटू नयेत म्हणून मजबूत पट्ट्या असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. बाहेरच्या बाजूला अशा मुख्य तीन पट्ट्या आहेत. पाऊल आत वळलं की त्या ताणल्या जातात, आणि त्यातली पुढची पट्टी बहुतेक वेळा सगळ्यात आधी फाटते. म्हणूनच आपल्यापैकी बहुतेकांना सूज बाहेरच्या घोट्याच्या पुढे येते.

आपण 'मुरगळला', 'लचकला', 'मुका मार' असे शब्द वापरतो, आणि ते खरं तर बरेच अचूक आहेत. मुरगळणं म्हणजे सांध्याची लिगामेंट ताणली किंवा फाटली, त्याला स्प्रेन म्हणतात. लचक भरणं म्हणजे बहुतेक वेळा स्नायू ताणला गेला, तो स्ट्रेन. आणि मुका मार म्हणजे बाहेर जखम नाही, पण आत रक्त साकळलंय.

स्प्रेनच्या तीन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीत पट्टी नुसती ताणलेली असते, साधारण एक ते तीन आठवड्यांत माणूस नीट चालायला लागतो. दुसरीत थोडी फाटलेली, तीन ते सहा आठवडे. तिसरीत पूर्ण तुटलेली, तिथे महिन्यांचा हिशेब असतो आणि डॉक्टर लागतातच.

आता यातला महत्त्वाचा भाग. लिगामेंट ही नुसती दोरी नाही, तिच्यात सेन्सरही असतात. सांधा आत्ता कुठल्या कोनात आहे, किती वेगाने वळतोय, हे त्या मज्जातंतूंमार्फत सतत कळवत असतात. तुम्ही खड्ड्यात पाय टाकता आणि कळायच्या आत पाय स्वतःला सावरतो, तो याच यंत्रणेमुळे. पट्टी फाटली की ही यंत्रणाही बिघडते. सूज उतरते, दुखणं थांबतं, पण सेन्सर अजून चुकीचं रीडिंग देत असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर अलर्ट बंद झाला, बग तसाच आहे.

म्हणून माझा पाय कोरड्या जिन्यावर वळला.

आधी ठरवा: हे घरचं प्रकरण आहे का?

बर्फ काढण्याआधी हा प्रश्न. हाड मोडलंय का?

यासाठी एक छान साधन आहे. १९९२ साली कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही सोपे नियम तयार केले. अडचण अशी होती, की पाय मुरगळून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा एक्स-रे काढला जायचा आणि त्यातल्या बहुतेकांचं हाड शाबूत निघायचं. मग एक्स-रे नेमका कोणाला हवा? आज जगभर हे नियम वापरले जातात. साध्या भाषेत ते असे:

पहिली गोष्ट, चार पावलं. लागल्यानंतर लगेच आणि नंतर तपासतानाही, तुम्ही त्या पायावर भार देत चार पावलं टाकू शकताय का? लंगडत टाकली तरी चालतील. अजिबात टाकता येत नसतील तर एक्स-रे.

दुसरी गोष्ट, दाबून बघणं. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला जी हाडाची गाठ बाहेर आलेली दिसते, तिचं खालचं टोक, आणि तिथून वर साधारण सहा सेंटिमीटरपर्यंत हाडाची मागची कड दाबा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मध्ये लागणारा हाडाचा उंचवटा दाबा. आणि शेवटी पावलाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे, कमानीच्या वरचं हाड दाबा. यापैकी कुठेही हाडावर दाबल्यावर जोरात दुखलं तर एक्स-रे.

सूज आलेल्या मऊ भागावर दुखणारच. प्रश्न हाडावर दुखतं का, हा आहे.

पण ही तपासणी सगळ्यांना स्वतःची स्वतः करता येत नाही. लहान मुलं, पायाची संवेदना कमी झालेले मधुमेही, प्यायलेला माणूस, किंवा दुसरीकडेही मोठा मार लागलेला माणूस, यांना थेट डॉक्टरकडे न्या. कारण दुखतं की नाही हे यांना नीट सांगताच येत नाही.

आणि काही गोष्टींत नियम बघत बसायचंच नाही. पाय वाकडा दिसतोय, हाड बाहेर आलंय, बोटं गार, पांढरी किंवा बधिर पडली आहेत: सरळ हॉस्पिटल. वाकडा दिसणारा पाय ओढून 'सरळ' करायचा नाही, आहे तसा आधार देऊन न्यायचा.

पहिले दोन-तीन दिवस

समजा, हाड ठीक आहे. आता घरी काय?

एक, सांभाळा. पहिले एक-दोन दिवस चालणं कमी करा. गरज असेल तर काठी किंवा कुबडी घ्या, त्यात लाज नाही. पण पूर्ण आठवडा पलंगावर पडून राहणं हाही इलाज नाही. त्यावर पुढे येतो.

दोन, बर्फ. फ्रिजरमधला बर्फ पिशवीत घालून, पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून, १० ते १५ मिनिटं. दिवसातून चार-पाच वेळा, मध्ये किमान दोन तासांचं अंतर. बर्फ नसेल तर गोठवलेल्या मटारची पिशवी उत्तम, ती घोट्याच्या आकाराप्रमाणे बसते. (नंतर ते मटार भाजीत टाकू नका, आईला सांगून ठेवा.) बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही, कातडी भाजल्यासारखी होते. आणि बर्फ लावून झोपायचं तर अजिबात नाही.

तीन, क्रेप बँडेज. बोटांच्या मुळापासून सुरुवात करून वर पोटरीकडे, घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळत न्यायचं. टाच उघडी ठेवायची नाही. घट्ट किती? बँडेजखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. बोटांना मुंग्या आल्या, ती निळसर किंवा गार पडली तर लगेच सोडून सैल बांधा. रात्री झोपताना काढून ठेवलेलं बरं.

चार, पाय वर. इथे आपण सगळे चुकतो. समोरच्या खुर्चीवर पाय ठेवून लॅपटॉपवर काम करणं म्हणजे पाय वर ठेवणं नाही. पाय छातीच्या पातळीपेक्षा वर हवा, म्हणजे आडवं पडून पायाखाली दोन उशा. सूज म्हणजे साठलेला द्रव, त्याला उताराने खाली यायला जागा द्यायची, इतकं साधं आहे.

आणि पहिले दोन-तीन दिवस काय टाळायचं? गरम शेक, दारू, पळणं आणि जोरात मालीश. चारही गोष्टींनी आतली सूज किंवा रक्तस्राव वाढू शकतो. मी पहिल्याच रात्री बाम खसाखसा चोळला होता. दुसऱ्या दिवशीचं लिंबू त्याशिवाय कदाचित लहान असतं.

बर्फाची गंमत

तुम्ही शाळेत, एनसीसीत किंवा जिममध्ये 'राईस' हा शब्द ऐकला असेल. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं, या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो शब्द. अमेरिकेतले डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ साली आपल्या पुस्तकात तो वापरला आणि तो जगभर पसरला. गंमत म्हणजे, २०१४ च्या सुमारास याच मर्किन यांनी लिहिलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्ही गोष्टी बरं होणं लांबवू शकतात.

का? कारण सूज हा नुसता शत्रू नाही. फाटलेल्या जागी रक्तातल्या पेशी येतात, कचरा साफ करतात आणि दुरुस्ती सुरू करतात. सूज हा त्याच कामाचा भाग आहे.

म्हणून पुढे सल्ला बदलत गेला. २०१२ मध्ये 'पोलीस' आला. त्यात निव्वळ विश्रांतीच्या जागी 'योग्य तेवढा भार' आला. मग २०१९-२० च्या सुमारास 'पीस अँड लव्ह' आला. त्यात बर्फ यादीतून गेलाच, आणि भार, व्यायाम, रक्ताभिसरण वाढवणारी हालचाल, एवढंच काय, मनाची उमेदही यादीत आली.

मग बर्फ लावायचा की नाही? माझ्या फिजिओथेरपिस्टचं उत्तर मला पटलं: बर्फ वेदना कमी करतो, बरं करत नाही. पहिले दोन दिवस दुखण्याने झोप येत नसेल तर लावा. दुखत नसेल तर नाही लावला म्हणून काही बिघडत नाही. त्यानंतर बर्फाच्या भरवशावर राहू नका.

गोळी, जेल आणि बाम

अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०२० मध्ये अशा किरकोळ दुखापतींसाठी एकत्र मार्गदर्शन दिलं. त्यात पहिली पसंती गोळीला नाही, तर वरून लावायच्या वेदनाशामक जेलला आहे. आपल्याकडे डायक्लोफेनॅकचं जेल मेडिकलमध्ये सहज मिळतं. ते हलक्या हाताने पसरायचं, चोळायचं नाही. कातडी फाटलेली असेल तिथे लावायचं नाही. त्यावर गरम शेक द्यायचा नाही. लावल्यावर हात धुवायचे.

गोळी हवीच असेल तर पॅरासिटामॉल. बाकी तब्येत ठीक असलेल्या मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या की ३.९ ग्रॅम होतात, म्हणजे संपलाच कोटा. यकृताचा त्रास असेल, रोज दारू असेल, वजन फार कमी असेल तर मर्यादा आणखी खाली, तिथे डॉक्टरांना विचारा. आणि स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. मेडिकलवाला 'अंगदुखीची' म्हणून देतो त्या गोळीत बऱ्याचदा पॅरासिटामॉल आणि आणखी एक वेदनाशामक असं दोन्ही असतं. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं. दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या घेऊन आपण एकच औषध दुप्पट घेत असतो.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या गोळ्या रिकाम्या पोटी नकोत. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नकोत. आणि पावसाळ्यातली खास सूचना: अंग दुखतंय आणि तापही आहे, तर ती स्नायूंची दुखापत नसून डेंग्यू असू शकतो. अशा वेळी या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आधी तपासणी.

आजीचा लेप आणि पायाळू माणूस

हा भाग टाळला तर तुम्ही मला सोडणार नाही.

माझ्या आजीने पहिल्याच दिवशी आंबेहळदीचा लेप तयार ठेवला होता. ती म्हणाली, "बर्फाने काय होतंय रे? लेप लाव आणि गप पडून राहा." मी लावला. लेप आतल्या लिगामेंटपर्यंत पोचून तिला जोडतो, असं मी सांगणार नाही. पण एक गोष्ट खरी: लेप लावलेला माणूस तो वाळेपर्यंत पाय वर करून गप्प बसतो. म्हणजे आजीचं अर्धं वाक्य तर शंभर टक्के बरोबर होतं! लेप कोमट असू दे, चटका बसेल इतका गरम नको, आणि कातडी खरचटलेली असेल तर नकोच.

दुसरा प्रकार, पायाळू. कंबरेत उसण भरली की पायाळू जन्मलेल्या माणसाकडून पाय लावून घ्यायचा, हे आपल्यापैकी अनेकांनी गावाकडे बघितलंय. आणि लोक शपथेवर सांगतात की गुण येतो. का येतो? कारण साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच कमी होते. माणूस पाय लावून घ्यायला जातो तो दुखणं सगळ्यात जास्त असताना. त्यानंतर ते उतरणारच असतं. श्रेय मात्र पायाला जातं. खरं सांगायचं तर माझ्या बामलाही मी असंच श्रेय दिलं होतं.

यात फारसा धोका नाही. धोका आहे तो ओढून, झटका देऊन 'बसवणाऱ्या' हातांचा. हाडाला बारीक चीर असेल आणि कोणी ती जागा पिळली, तर किरकोळ दुखापत मोठी होते. एक्स-रेशिवाय कोणालाही झटका देऊ द्यायचा नाही. नात्यातल्या काकांनाही नाही.

खरं काम चौथ्या दिवसापासून

आता येतो मी वगळलेल्या भागाकडे.

फाटलेल्या पट्टीची दुरुस्ती तीन टप्प्यांत होते. पहिले काही दिवस सूज आणि साफसफाई. मग काही आठवडे नवे धागे तयार होतात. आणि मग कित्येक महिने ते धागे नीट रचले जातात. हे नवे धागे सुरुवातीला कसेही, विस्कटलेले असतात. ते सरळ रांगेत यायला त्यांना ताण लागतो. भार कुठल्या दिशेने येतोय हे बघूनच शरीर त्यांची रचना करतं. पाय हलवलाच नाही तर रचना कच्ची राहते. म्हणून 'योग्य तेवढा भार' महत्त्वाचा.

मला दिलेला क्रम साधारण असा होता. नियम एकच: करताना थोडं ओढल्यासारखं वाटलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सूज किंवा दुखणं वाढलं तर एक पायरी मागे यायचं.

पहिल्या आठवड्यात, दुखणं सोसवेल तसं: बसून पाय हवेत ठेवायचा आणि अंगठ्याने 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत सगळी अक्षरं काढायची. दिवसातून दोन-तीनदा. 'ळ' आणि 'क्ष' काढताना घोटा किती दिशांना वळतो ते बघाच. आणि लंगडं का होईना, टाच आधी टेकून नीट चालायचा प्रयत्न करायचा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात: भिंतीला धरून टाचा वर उचलणं, दहा-दहाचे दोन-तीन सेट. आधी दोन्ही पायांवर, जमलं की एका पायावर. टॉवेल पावलाला अडकवून पाऊल आत, बाहेर, वर, खाली ढकलणं.

तिसऱ्या आठवड्यापासून सेन्सरचं काम: एका पायावर ३० सेकंद. मी हे ब्रश करताना करतो, बेसिन धरायला जवळ असतं म्हणून. जमलं की डोळे मिटून. तेही जमलं की उशीवर उभं राहून. माझे चार सेकंद तीस व्हायला पाच आठवडे लागले.

"याने खरंच फरक पडतो का?" हा इंजिनिअरी प्रश्न मीही विचारला. नेदरलँड्समध्ये यावर एक चांगला अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नुकताच घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंचे दोन गट केले. दोन्ही गटांनी नेहमीचे उपचार घेतले. एका गटाला त्याशिवाय आठ आठवडे घरच्या घरी, कोणी लक्ष ठेवायला नसताना करायचे तोलाचे व्यायाम दिले. वर्षभरात व्यायाम न दिलेल्या गटातल्या ३३ टक्के खेळाडूंचा घोटा पुन्हा मुरगळला. व्यायामवाल्या गटात २२ टक्के. मशीन नाही, जिम नाही, फी नाही.

यातला ३३ टक्क्यांचा आकडा मला जास्त लागला. दर तीन जणांत एक. मी त्यांच्यातलाच.

परत मैदानात कधी?

तारीख बघून नाही. चाचणी बघून. त्या पायावर दुखल्याशिवाय चालता येतंय? जिना उतरता येतोय? एका पायावर दहा उड्या, दोन्ही पायांनी सारख्याच जमतायत? सरळ पळणं, मग आठच्या आकारात पळणं, मग अचानक थांबून वळणं? एकेक 'हो' आलं की पुढची पायरी. ट्रेकला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, गड चढताना काही होत नाही, उतरताना होतं. त्यामुळे उतरण्याची परीक्षा आधी घरच्या जिन्यावर द्या, कडेवर कोणी नसताना.

पहिले काही महिने खेळताना घोट्याचा सपोर्ट घातलेला चांगला. त्याने पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं. पण सपोर्ट आहे म्हणून व्यायाम सोडायचा नाही.

घोटा सोडून बाकीचं

तत्त्व तेच: आधी गंभीर आहे का बघा, दोन-तीन दिवस सांभाळा, मग हळूहळू भार द्या. पण काही खुणा लक्षात ठेवा.

क्रिकेटमध्ये बोटाला बॉल लागला की मित्र बोट ओढून 'मोकळं' करतो. करू देऊ नका. साधा मार असेल तर शेजारच्या बोटाला टेपने बांधून आधार द्या. बोटाचं टोक स्वतःहून सरळ होत नसेल तर डॉक्टर.

बॅडमिंटन खेळताना मागून कोणीतरी पोटरीवर लाथ मारल्यासारखं वाटलं, वळून बघितलं तर मागे कोणीच नाही, आणि आता टाच उचलता येत नाही? टाचेची मोठी शीर तुटलेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर.

काही लागलेलंच नाही, तरी एकच पोटरी सुजलीय, गरम आहे, दुखतेय, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर? ती रक्ताची गुठळी असू शकते. मालीश नाही, थांबणं नाही, लगेच दाखवा.

गुडघा तासाभरात टम्म सुजला किंवा अडकून बसला, खांदा निखळला: घरी काही करायचं नाही.

कंबरेत उसण भरली तर दिवसभर पडून न राहता थोडं थोडं चालत राहा, इथे गरम शेक चालतो. पण मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा आला, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर ती इमर्जन्सी आहे.

आणि घोट्याचं म्हणाल तर पाच-सात दिवसांत काहीच सुधारणा नाही, किंवा सहा आठवड्यांनंतरही पाय 'सुटल्यासारखा' वाटतोय, तर फिजिओथेरपिस्ट गाठा. मी दोन महिने उशिरा गेलो.

जाता जाता

एक काम करा. चालत किंवा गाडीवर ऐकत नसाल, घरात असाल, तर आत्ता भिंतीजवळ उभे राहा. एक पाय उचला, डोळे मिटा, मोजा. मग दुसरा पाय. कधीतरी मुरगळलेला, 'केव्हाच बरा झालेला' पाय चार-पाच सेकंदांत डगमगला, तर तुमचं काम अजून बाकी आहे. आज ब्रश करताना सुरू करा.

गेल्या रविवारी ताई आली होती. मी तिला डोळे मिटून चाळीस सेकंद उभं राहून दाखवलं. ती म्हणाली, "बरं, बरं. घे तिला." आणि भाचीला माझ्याकडे दिलं. जिना उतरताना कठड्यावर हात मात्र मी अजूनही ठेवतो.

तुमच्या ग्रुपमध्ये सध्या जो कोणी लंगडतोय, त्याला हा भाग पाठवा. तुमचे अनुभव, आजीचे लेप, पायाळू मामांचे किस्से, सगळं कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत पाय सांभाळा!